तुमचा दोष कुठला?

कुंभकोणम स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं माझी बॅग मागे नीट आडवी ठेवली, स्वतःच्या सीटवर बसला आणि गाडी सुरू करायच्या आधी मागे वळून विचारलं, "मॅडम, एन्न दोषम?" मला वाटलं पत्ता विचारतोय. मी बहिणीच्या गल्लीचं नाव पुन्हा सांगितलं. ते त्याला आधीच कळलं होतं. मग तो एकेक बोट उघडत तोडक्यामोडक्या इंग्रजी-हिंदीत पर्याय सांगायला लागला. लग्न जमत नाही? मूल? कोर्टकचेरी? कर्ज? शनी की राहू? त्याच्या आवाजात चौकशी नव्हती आणि गिऱ्हाईक गाठायची घाईही नव्हती. दवाखान्याच्या दारात केसपेपर काढणाऱ्या बाईनं "काय होतंय?" म्हणावं, तितक्या सरळपणे तो विचारत होता. मी म्हटलं, दोष वगैरे काही नाही, माझी बहीण इथे बँकेत असते, तिच्याकडे राहायला आलेय. "सरि, सरि," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा सुरू केली. पण गल्लीच्या तोंडाशी उतरताना त्यानं मला स्वतःचा फोन नंबर दिलाच. लागला तर असू द्या, म्हणाला. राहूच्या देवळाला, तिरुनागेश्वरमला, राहुकाळात नेऊन आणतो.

तो प्रश्न नंतर कितीतरी दिवस डोक्यात राहिला. राग आला नव्हता, हसूही आलं नव्हतं. एवढंच वाटत राहिलं, की मी "काही नाही" इतक्या झटकन का म्हणाले? आणि या गावात बाहेरून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी दुखणं घेऊनच येतो, असं त्या माणसानं का धरून चालावं?

त्याचं उत्तर गावाभोवतीच्या नकाशात आहे. कुंभकोणम मध्यभागी धरलं तर सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू अशी नवग्रहांची नऊ क्षेत्रं कावेरीच्या या सपाट, भाताच्या मुलुखात विखुरलेली आहेत. गुरूसाठी आलंगुडी, शुक्रासाठी कंजनूर, शनीसाठी तिरुनळ्ळार, मंगळासाठी वैदीश्वरन कोईल. तिथेच नाडीपट्टी वाचणाऱ्यांच्या पाट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात, आणि तिथे आपले लोक पुष्कळ दिसतात. लग्नासाठी तिरुमणंचेरी. मूल होत नसेल किंवा पोटातलं मूल नीट राहावं म्हणून तिरुक्करुगावूरची गर्भरक्षांबिका, जिच्या पायाशी ठेवलेलं तूप बायका डब्यातून घरी नेतात. लॉजच्या खाली पहाटे गाड्या उभ्या असतात आणि ड्रायव्हर नऊ ग्रह दोन दिवसांत कसे 'करायचे' ते समजावून सांगत असतो. एकदा सकाळी इडली खाताना शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. सोलापूरकडचं कुटुंब होतं. आई, वडील आणि पस्तिशीचा मुलगा. मुलगा मान खाली घालून चटणीत इडली बुडवत होता आणि आई ड्रायव्हरला हिंदीत विचारत होती, की दर्शन बारापर्यंत होईल ना, देऊळ बंद नाही ना व्हायचं. मी मराठीत बोलू शकले असते. बोलले नाही. त्या मुलाला कुणी ओळखीचं भेटावं असं त्या क्षणी वाटत नसणार.

बहीण राहते ती गल्ली सारंगपाणीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. जुनं, अरुंद आणि खोलच्या खोल जाणारं घर, पुढे ओटा. त्याला ते तिण्णै म्हणतात. लाकडी खांब, लाल कोबा, आणि मधल्या चौकात आभाळाचा चौकोन. खालचा अर्धा भाग मालकीणबाईंकडे, ज्यांना अख्खी गल्ली मामी म्हणते आणि बहीणही मामीच म्हणते. मी गेले तेव्हा मार्गळी महिना चालू होता, म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. परतीचा पाऊस संपत आलेला, पण रात्री एखादी सर येई आणि पहाटे दगड ओले असत. साडेचारला देवळाच्या कर्ण्यावर तिरुप्पावै लागायची. संतकवयित्री आंडाळनं रचलेली तीस कडवी, महिन्याच्या दिवसाला एक. त्या आवाजानंच गल्ली उठायची. मी चादर गुंडाळून ओट्यावर येऊन बसे. समोरच्या, शेजारच्या, पलीकडच्या दारात बायका वाकलेल्या. आधी पाण्याचा सडा, मग तांदळाच्या पिठाचे ठिपके, मग त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच न तुटणारी रेघ. कोलम पूर्ण झाला की मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. दिव्याच्या खांबाखाली ते पिवळं इतकं ताजं दिसायचं की डोळे तिथेच राहायचे. सहा वाजता दूधवाल्याची मोटरसायकल त्यावरून जायची. कोलमची रेघ फिसकटायची. मामी आतून बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा कोलम.

सारंगपाणीचं देऊळ मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच पहाटे, मामींच्या मागोमाग. अकरा मजल्यांचं गोपूर, अंधारात वरचे मजले दिसतच नव्हते, फक्त खालची दगडी चौकट आणि मध्ये एक पिवळा बल्ब. आत गाभारा रथाच्या आकाराचा आहे. दगडी चाकं, पुढे ओढणारे घोडे आणि हत्ती. गाभाऱ्याला दोन दारं आहेत, उत्तरायणाचं आणि दक्षिणायनाचं. सूर्याची दिशा बदलली की माणसांची आत जायची वाटही बदलते. मी होते तेव्हा मकर संक्रांत जवळ आलेली आणि दारं बदलायची वेळ झालेली. आत देव आडवा आहे, पण पुरता आडवा नाही. डोकं आणि खांदे जरा उचललेले, उठता उठता थांबल्यासारखे. मामींनी त्याची गोष्ट सांगितली. तिरुमळिसै आळ्वार हे वैष्णव संतकवी इथे आले आणि देवाला पहुडलेला बघून त्यांनी विचारलं, तुझे पाय दुखतायत का रे? जग मापत चाललास म्हणून? की पृथ्वी उचललीस म्हणून अंग दुखतंय? ऊठ की, बोल माझ्याशी. तो खरंच उठायला लागला. ते बघून भक्ताचाच जीव हलला आणि तो म्हणाला, असू दे, असाच राहा.

देवळात जाऊन देवालाच "तुझं काय दुखतंय?" असं विचारणारा भक्त मला याआधी भेटला नव्हता.

दुपारी बाराच्या सुमारास गावातली सगळी मोठी देवळं बंद होतात ती चारपर्यंत. बाहेरगावचे लोक त्यानं वैतागतात, पण गावाचा दिवस त्या दोन वेळांवरच बेतलेला आहे. फुलवाली बाराला टोपलीवर ओला कपडा टाकते आणि गोपुराच्या सावलीत पाय पसरते. पितळेच्या भांड्यांच्या दुकानांत पंखे फिरत राहतात आणि गल्ल्यावरचा माणूस डोळे मिटून बसतो. नाच्चियारकोईलचे उंच समईसारखे दिवे, वर हंस असलेले, ओळीनं उभे. त्यांच्यावर रस्त्यावरचं ऊन पडून भिंतीवर हलणारे ठिपके. जेवण झालं की पान. इथलं विड्याचं पान कावेरीच्या गाळावर होतं. पातळ, कोवळं, दातांखाली जवळजवळ आवाजच न करणारं. २०२५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पानवाल्यानं ती बातमी कापून काचेला चिकटवली होती. रविवारी हॉटेलात इडली-डोशाबरोबर कडप्पा मिळतो. मूगडाळ, बटाटा, नारळ-खसखशीचं वाटण आणि बडीशेपेचा वास असलेलं पातळसर कालवण. तंजावर-कुंभकोणमकडे मिळतं, दुसरीकडे सहसा नाही. मामींच्या घरी तो कधीच होत नाही, कारण त्यात कांदा-लसूण. पण त्यांचा नवरा होता तेव्हा रविवारी गुपचूप खाऊन यायचा आणि घरी आल्यावर तोंडाच्या वासावरून पकडला जायचा, हे सांगताना त्यांचा चेहरा एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. चार वाजता कॉफी. पितळी डबरा-पेला, वर बोटभर फेस. आता हमरस्त्यावर मैलामैलाला 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या टपऱ्या आहेत आणि सगळ्या पितळेच्या भांड्यांतच कॉफी देतात. गावातल्या कॉफीची चव दुधाची आहे. दूध त्याच दिवशीचं, पाणी न घातलेलं, आणि डिकॉक्शन पहिल्या धारेचं. बाकी काही गुपित असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी मी आदि कुंभेश्वराच्या देवळात जाऊन बसायला लागले. बाहेरच्या लांबच लांब छपरी मंडपात दुकानं आहेत. कुंकू, बांगड्या, लाकडी खेळणी, प्लॅस्टिकच्या बंदुका. तिथून पुढे गेलं की एकदम उघडं अंगण लागतं आणि पायांना दगडाचा थंडावा. इथलं लिंग वाळू आणि अमृताचं मानतात. प्रलयानंतर वाहत आलेला अमृताचा कुंभ शिवानं किरातरूपात बाण मारून फोडला, त्याच्याच मातीचं. म्हणून त्याच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. पण मी बसायचे ती गाभाऱ्यापासून लांब, दगडी चौथऱ्यावर, आणि बघायचे माणसं. दहावीच्या दोन मुली भौतिकशास्त्राचं पुस्तक मध्ये ठेवून पाठ करतायत. एक म्हातारे गृहस्थ तमिळ पेपर शेवटच्या पानापासून वाचतायत. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, त्याच्या हातात तिच्या चपलांची पिशवी. बाजाराची भाजी बाजूला ठेवून एक बाई खांबाला टेकून झोपलीय, चक्क झोपलीय, तोंड किंचित उघडं. कुणी तिला उठवत नाही. मुलं लपाछपी खेळतात आणि नंदीच्या मागे लपतात. प्रदोष असला की हे सगळं एका तासात भरून जातं, नंदीवर दूध-दह्याचे घडे रिते होतात, नादस्वरम आणि तविल इतक्या जोरात वाजतात की छातीत ठेका बसतो. मग पुन्हा पांगापांग, आणि पुन्हा तीच सैल, घरगुती शांतता. मंगळम नावाची हत्तीण दाराशी असते. लहान मुलं तिला नाणं देतात, ती सोंड डोक्यावर टेकवते आणि मुलं किंचाळतात. मला तिच्याकडे बघवायचंही आणि बघवायचंही नाही. तिच्या कपाळावरचं गंध सुंदर रेखलेलं असतं, माहुताशी तिची माया दिसते, आणि पायात साखळी असते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

हे बघताना मला सारखं आठवत होतं ते आपल्याकडच्या मोठ्या देवळांचं आजचं रूप. लोखंडी कठडे, रांग, मोबाइल जमा करा, पुढे चला, पुढे चला. मंडपात बसायचं कुठे? पूर्वी पंढरपुरात नामदेव पायरीच्या आसपास, वाड्यांच्या ओसऱ्यांवर माणसं तासन् तास बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. आता दर्शन ही एक हालचाल झाली आहे, आणि ती जितक्या लवकर उरकेल तितकं व्यवस्थापन चांगलं. तमिळ देवळाचा मोठेपणा मला गोपुरात नाही दिसला, या मोकळ्या प्राकारांत दिसला. गर्दी तिथेही असते, पैसे देऊन पुढे जायच्या रांगा तिथेही आहेत, पण गाभाऱ्याभोवती एवढी जागा सोडलेली आहे की काहीही न मागता, देवाकडे न बघताही तिथे संध्याकाळ काढता येते. सारंगपाणीच्या समोरच्या सन्निधी रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. १८८७ मध्ये ते इरोडला जन्मले आणि वाढले इथे. घर इतकं छोटं आहे की दारातून परसापर्यंत नजर एका झटक्यात पोचते. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट. बाहेरच्या ओट्यावर पाटी घेऊन ते गणितं करत आणि फडकं शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून कोपरानं पुसत. गणित सोडून बाकी विषयांकडे लक्ष नाही म्हणून इथल्याच सरकारी कॉलेजात त्यांची शिष्यवृत्ती गेली. देवळातल्या थंड फरशीवरही ते गणितं करत बसत आणि तिथेच झोपून जात, असं सांगतात. नापास झालेल्या मुलाला घरच्यांच्या नजरेपासून लांब, फुकट, सावलीत बसायला जागा देणारं दुसरं काय होतं त्या काळात?

हे लिहिताना मला थांबून एक विचारायला हवं. ही जागा कुणाला होती? रामानुजन त्या फरशीवर झोपत होते तेव्हा याच गावातल्या किती मुलांना गोपुराच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला १९४७ मध्ये. त्याच वर्षी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले होते. देवळाभोवतीचे चौकोनी रस्ते, त्यांत कुणाची घरं जवळ आणि कुणाची लांब, हे आजही गावातून चालताना पायांना कळतं. देवळाचं अंगण पहाटे झाडणारी बाई राहते ती अरसलार नदीच्या पलीकडे. तिला मी विचारलं, संध्याकाळी येता का बसायला? ती म्हणाली, संध्याकाळी अजून दोन घरची कामं असतात. देवळात बसून राहण्यातलं जे सुख मी सांगतेय ते खरं आहे, पण त्याला रिकामी संध्याकाळ लागते, आणि ती सगळ्यांकडे नसते.

माझा एक समज तयार होत चालला होता. बाहेरचे लोक इथे काहीतरी मागायला येतात आणि गावचे लोक नुसते येतात. मामींनी त्याला दुजोराच दिला होता. "मी काही मागत नाही. रोज भेटणाऱ्या माणसाकडे रोज काय मागायचं?" असं त्या म्हणाल्या होत्या आणि मला ते फार आवडलं होतं. मग एका शुक्रवारी साडेदहाच्या पुढे, राहुकाळात, मी जवळच्या एका देवळात गेले. दुर्गेपुढे बायकांची दाटी होती. लिंबं अर्धी कापून, पिळून, सालं उलटी करून त्यांत तूप-वात घातलेले दिवे. लिंबाच्या सालीचा आणि तुपाचा कडवट-गोड धूर. दुसऱ्या रांगेत मामी होत्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीशिवाय न बसणाऱ्या मामी दगडावर मांडी घालून बसल्या होत्या आणि एकेक दिवा पेटवत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मागणं त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघडं होतं, की मी खांबाच्या पलीकडून तशीच मागे फिरले.

बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "माहितेय मला. त्यांच्या मुलीचं चाललंय ना." काय चाललंय ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुपारी मामींनी नेहमीसारखं रसम वर पाठवलं. वाटी परत देताना मी त्यांच्या ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. आम्ही मटार सोलले.

त्यानंतर महामहम तळ्याकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. गावाच्या मध्यभागी पसरलेलं प्रचंड तळं, काठानं सोळा मंडप. नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी ते बांधले. पाणी हिरवं, स्थिर, पायऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, एक मुलगा पाय सोडून मोबाइल बघत बसलेला. बारा वर्षांतून एकदा, गुरू सिंहेत असताना माघ महिन्याच्या पौर्णिमेला, इथे लाखो माणसं उतरतात. तोच गुरू, तीच सिंह रास, ज्यानं नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपला सिंहस्थ होतो. काठावरच्या काशी विश्वनाथाच्या देवळात नऊ नद्या बायकांच्या रूपात उभ्या आहेत. गंगा, यमुना, नर्मदा, कावेरी यांच्याबरोबर आपली गोदावरीही. लोकांची पापं धुऊन त्या स्वतः मळल्या, आणि स्वतःला धुवायला इथे येतात. गोदेला इथे रांगेत उभी बघून मला गलबलून आलं. नाशिकला आपण तिच्यात काय काय सोडतो, आणि ती बिचारी एवढ्या लांब येऊन अंग धुते. १९९२ च्या फेब्रुवारीत याच तळ्यावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसं गेली. २०१६ चं महामहम नीट पार पडलं. पुढचं २०२८ मध्ये, नाशिकच्या पाठोपाठ. आणि १६ जुलै २००४ ला, याच गावात, एका शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. दर जुलैत आईवडील मेणबत्त्या घेऊन जमतात. ज्या गावात जगाची दुखणी दूर करायला नऊ ग्रहांची क्षेत्रं आहेत, त्या गावाचं हे दुखणं कुठल्या क्षेत्रात न्यायचं? मी याचं उत्तर शोधलं नाही. शोधूही नये असं वाटलं.

एका रविवारी गोविंदपुरमला गेलो. भाताची शेतं पिकत आलेली, पोंगलच्या आधी कापणी होणार म्हणून काठाशी माणसं विळे परजत होती. मेट्टूर धरणाचं पाणी जानेवारीच्या अखेरीस बंद होतं, त्यामुळे कालवे अजून भरलेले. गावात नामसिद्धांत सांगणाऱ्या बोधेंद्र स्वामींची समाधी आहे आणि जवळच विठ्ठल-रुक्मिणीचं नवं, मोठं देऊळ, आपल्याकडच्या धर्तीच्या शिखराचं. भातशेतीतून वर आलेलं ते शिखर बघताना आपण नक्की कुठे आहोत असा क्षणभर गोंधळ होतो. आत भजन चाललं होतं. मृदंग, टाळ, आणि तुकोबांचा अभंग. गाणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. 'ळ' आपल्यापेक्षा जास्त गोल, 'भ'चा 'ब' झालेला, पण चाल चोख आणि डोळे मिटलेले. या भागातल्या भजनपरंपरेत अभंग असा पिढ्यान् पिढ्या गायला जातो. तंजावरचं मराठा राज्य १६७६ ते १८५५ एवढंच टिकलं, अभंग अजून आहे. माझ्या शेजारच्या बाईंनी मी बरोबर म्हणतेय हे ऐकून माझा दंड धरला आणि पुढे ढकललं. मला गाता येत नाही. तरी गायले.

माझ्या मुक्कामाच्या शेवटी बहिणीनं रजा काढली आणि आम्ही तिरुविडैमरुदूरला गेलो, रिक्षा त्याच माणसाची. तो आता आम्हाला ओळखायचा आणि दोषाचं विचारायचा नाही. इथल्या महालिंगस्वामींच्या देवळाची रीत वेगळी आहे. वरगुण पांड्य राजाला ब्रह्महत्येनं पछाडलं होतं. तो पूर्वेच्या दारानं आत गेला, ती दाराशी वाट बघत बसली, आणि तो पश्चिमेच्या दारानं निघून गेला. ती अजून बसून आहे, पूर्वेच्या गोपुरात, दगडाची, गुडघे जवळ घेऊन. म्हणून ज्या दारानं आत जायचं त्या दारानं बाहेर यायचं नाही. आत, एका बाजूला, पितळेची एक बाई ओंजळीत दिवा घेऊन उभी आहे. तंजावरच्या मराठा राजघराण्यातली स्त्री. आपल्या आप्तांतल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावं म्हणून तिनं लक्ष दिव्यांचा नवस बोलला, लग्न झालं, नवस फेडला, आणि स्वतःचीही दीपधारिणी मूर्ती करून इथे ठेवली. नऊवारीसारखा काठ, अंगावर दागिने, चेहरा आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरातल्या फोटोत शोभेल असा. तिनं काय मागितलं ते सगळ्या जगाला माहीत आहे आणि तिला त्याची लाज नाही.

बहीण तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. गेली तीन वर्षं ती पुण्याला बदली मागते आहे. घरी आईचं वय झालंय, सगळी नड तिला ठाऊक आहे. आम्ही पश्चिमेच्या दारानं बाहेर पडलो आणि मग लक्षात आलं की चपला पूर्वेला राहिल्यात. देवळाभोवतीचा सगळा रस्ता अनवाणी चालायचा. डांबर तापलं होतं, आम्ही कडेच्या सावलीतून, पत्र्याखाली झाकलेल्या रथाच्या चाकांना वळसा घालून निघालो. चालता चालता ती म्हणाली, "फॉर्म भरायची तारीख परवा आहे."

"मग?"

"पुणे पहिलं टाकणार. टाकायलाच हवं." मग थोडं चालून, "पण दुसऱ्या पसंतीत इथलंच पुन्हा टाकलं तर चालतं का, ते विचारायचंय ऑफिसात."

"आणि तिथे मागितलंस काय?"

"कुठे?"

"तिच्यापुढे."

ती एकदम हसली आणि म्हणाली, "ते सांगायचं नसतं गं." पूर्वेच्या दाराशी रिक्षावाला आमच्या दोघींच्या चपला हातात घेऊन उभा होता. पुढे कोपऱ्यावर फुलवाली होती. बहिणीनं रिक्षा थांबवली, हातावर मोजून चार हात मोगरा घेतला, तिच्याशी तमिळमध्ये दहा रुपयांवरून वाद घातला, जिंकला, आणि त्यातला अर्धा मामींसाठी केळीच्या पानात वेगळा बांधून घेतला.